उशिरा उठणाऱ्याचे चौथे अर्घ्य

गृहस्थाश्रमात काही प्रश्न असे असतात की ग्रंथांत त्यांची उत्तरे शोधू गेल्यास ते अगदीच क्षुल्लक वाटतात, आणि घरात रोज सकाळी समोर येऊन उभे राहतात तेव्हा मात्र फार मोठे होतात. सकाळी वेळेवर न उठणे हा दोष आहे की स्वभाव, हा असाच एक प्रश्न होय. ज्यांना पहाटे आपोआप जाग येते त्यांना तो कधी पडत नाही. परंतु दिवेलागणीनंतर ज्यांची बुद्धी उजळू लागते, मध्यरात्री ज्यांना उत्तम सुचते आणि सूर्योदयाच्या वेळी ज्यांचे डोळे उघडता उघडत नाहीत, असे एखादे तरी माणूस बहुतेक प्रत्येक कुटुंबात असते. लोक त्याला घुबड म्हणतात, कोणी निशाचर म्हणतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे. तेव्हा हा लेख आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहिला आहे, असे समजूनच वाचकांनी तो वाचावा.

माझे अध्ययन काशीतील एका पाठशाळेत झाले. तेथे पहाटे चार वाजता घंटा होई. सहाध्यायी घंटेबरोबर उठत; मी पांघरुणात तोंड खुपसून पडून राही. रात्री मात्र इतरांच्या माना डुलू लागल्या की माझे पाठांतर खरे सुरू होई. अमरकोश म्हणताना एके दिवशी 'अभ्युदित' हा शब्द आला. ऐकताना वाटते की हा शब्द एखाद्या भाग्यवंताचा वाचक असावा. अर्थ अगदी उलट. जो निजलेला असतानाच सूर्य उगवतो तो अभ्युदित, आणि जो निजलेला असतानाच सूर्य मावळतो तो अभिनिर्मुक्त. त्यानंतर कित्येक दिवस मला पाठशाळेत याच नावाने हाक मारीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अशा ब्रह्मचाऱ्याला दिवसभर उपवास आणि जप असे प्रायश्चित्त सांगितले आहे, हे कळल्यावर तर माझा धीरच सुटला. त्या हिशेबाने मला महिन्यातून वीस दिवस उपाशी राहावे लागले असते.

माघातील एका सकाळी मी घाटावर पोचलो तेव्हा गंगेच्या पैलतीरावरील वाळवंटावर सूर्य चांगला हातभर वर आला होता. गुरुजी संध्या आटोपून पायऱ्या चढत होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. ते थांबले आणि म्हणाले, "तीन अर्घ्ये झाली की चौथे दे, आणि पाठाला ये." एवढे बोलून ते निघून गेले.

संध्येचा मुख्य काळ टळला असता कालातिक्रमाचे प्रायश्चित्त म्हणून एक अर्घ्य अधिक द्यावे, असा विधी आमच्या परंपरेत आहे. त्या दिवशी मी तो केवळ आज्ञा म्हणून पाळला. त्यातील मर्म ध्यानी यायला पुढे पंचवीस वर्षे लागली. शास्त्रकारांना मनुष्य ठाऊक होता. त्याला उशीर होणार, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. म्हणून त्यांनी उशिरा येणाऱ्याला घाटावरून हाकलून दिले नाही; त्याचबरोबर उशीर झालाच नाही, असे मानण्याची मुभाही त्याला दिली नाही. ओंजळभर पाणी अधिक, आणि ते सोडताना 'मला उशीर झाला' ही सरळ कबुली. दोषाची बेरीज-वजाबाकी एवढ्यात पुरी होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रात्री जागण्याची प्रवृत्ती ही केवळ आळसाची दुसरी बाजू आहे काय? आजचे शास्त्र तसे म्हणत नाही. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने दिवसा पाने उघडणारी आणि रात्री मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. सूर्याचे दर्शन नसतानाही तिची पाने वेळच्या वेळी उघडत व मिटत राहिली. काळाचे भान तिच्या देहातच होते. पुढे १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर या दोन संशोधकांनी फळांवरील माश्यांत असे दाखवून दिले की, एका जनुकातील बदलाने हे आतले घड्याळ पुढे-मागे होते, किंवा साफ बिघडते. याच घड्याळाची आंतररचना उलगडल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळाले. मनुष्याच्या मेंदूतही, जेथे दोन्ही डोळ्यांच्या नाड्या एकमेकींना छेदतात त्याच्या वरच्या अंगाला, असे एक केंद्र आहे. त्याचा फेरा बहुतेकांत चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, आणि रोजच्या उजेडाने तो चोवीस तासांशी जुळवून घेतला जातो. सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा दिवा ते मागे ओढतो. कोणाचे घड्याळ लवकर चालते, कोणाचे उशिरा. तरुण वयात ते बहुधा उशिरा चालते आणि म्हातारपणी लवकर. म्हणून आजोबांनी पहाटे उठून नातवाला आळशी म्हणण्यापूर्वी स्वतःचे विसावे वर्ष आठवून पाहावे, हे बरे.

आपल्या वैद्यकालाही हा भेद अपरिचित नव्हता. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश आहे. परंतु तो 'स्वस्थ' मनुष्याला आहे, म्हणजे ज्याचे आरोग्य ठीक आहे अशाला. त्याच ग्रंथात पुढे, सवय नसता जागरण घडले तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपून घ्यावे, असेही सांगितले आहे. वाग्भटाने जागरण करणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याने हिशेब सांगितला. ब्राह्ममुहूर्त हाही भिंतीवरील घड्याळाचा आकडा नव्हे. रात्रीचे पंधरा मुहूर्त मानले तर चौदावा तो ब्राह्म. रात्र बारा तासांची असेल तेव्हा एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो, म्हणजे सूर्योदयापूर्वी शहाण्णव मिनिटे त्याचा आरंभ होतो. आपल्या देशाच्या पूर्व टोकाच्या आणि पश्चिम टोकाच्या सूर्योदयांत सुमारे दोन तासांचे अंतर असून घड्याळ मात्र सर्वांचे एकच आहे. यास्तव आसामातील गृहस्थाने आणि द्वारकेतील गृहस्थाने 'मी पाचला उठतो' अशी फुशारकी एकाच मापाने मारू नये.

इतके वाचून माझ्यासारख्या रात्रप्रेमी वाचकाला बरे वाटले असेल. मलाही अनेक वर्षे असेच बरे वाटत होते. पंडिताच्या हाती तर आत्मसमर्थनाची साधने भरपूर असतात. गीतेत अर्जुनाला चार वेळा 'गुडाकेश' म्हटले आहे. गुडाका म्हणजे निद्रा, तिचा जो ईश तो गुडाकेश. मी मनातल्या मनात ते बिरुद स्वतःला लावून घेई. दुसऱ्या अध्यायातील एकोणसत्तरावा श्लोक तर जणू माझ्यासाठीच सांगितला होता: सर्व प्राणिमात्रांची जी रात्र, तीत संयमी जागा असतो. पण 'संयमी' या पदावर मी सोयीस्करपणे थांबत नसे. त्या श्लोकातील रात्र आणि जागृती ही आत्मज्ञानासंबंधी आहे. दिव्याचे बटण दाबून ती मिळत नाही. आणि गुडाकेश कोण? ज्याची निद्रा त्याच्या आज्ञेत आहे तो. जी झोप दहा वाजता बोलावली तर येत नाही आणि सहा वाजता हाकलली तर जात नाही, ती माझी दासी कशी? तिचा दास मीच होतो.

घरात या गोष्टी कशा चालल्या होत्या, ते आता सांगतो. अनुवाद हा माझा व्यवसाय आहे. मुले निजली, भांड्यांचा आवाज थांबला की मी लिहावयास बसतो आणि दोन-तीन वाजेपर्यंत लिहितो. आमच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला येते आणि पाऊण तासात जाते. पाणी भरणे, दोन्ही मुलांचे डबे, माझ्या वृद्ध आईचे औषध आणि चहा, हे सर्व माझी पत्नी करी. मी आठ वाजता उठे तेव्हा घर आवरलेले असे. ही व्यवस्था कोणी ठरविली नव्हती. ती आपोआप पडत गेली होती, आणि जे आपोआप पडत जाते ते सर्वांना मान्य आहे असे समजण्याची आपली रीत असते.

गेल्या श्रावणात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी दहा वर्षांची मुलगी सहज म्हणाली, "बाबा, आज आई मोरीत भिंतीला टेकून बसली होती. बादल्या मी उचलल्या." मी स्वयंपाकघरात गेलो आणि पत्नीला विचारले, "मला उठवले का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही तीनला झोपलात. आणि अहो, उठवले असते तरी उठला असता का?"

त्या दुसऱ्या वाक्यात राग असता तर मी उत्तर दिले असते. त्यात राग नव्हता; सोळा वर्षांचा अनुभव होता. माझ्या उठण्याचा भरवसा घरात कोणालाही उरला नव्हता, म्हणून तापातही कोणी माझ्याकडे आले नाही. ज्याला हाक मारणे लोकांनी सोडून दिले, त्याच्या विद्वत्तेची घराला किंमत ती काय?

त्या रात्री मी चौदाव्या अध्यायातील आठवा श्लोक पुन्हा काढला. तमोगुण देहधाऱ्याला तीन दोऱ्यांनी बांधतो, असे तेथे सांगितले आहे: प्रमाद, आलस्य आणि निद्रा. मी आजवर या तिघांपैकी शेवटच्या दोहोंचाच विचार करीत होतो, आणि मी आळशी नाही, मी तर इतरांहून अधिक जागतो, असे म्हणून सुटत होतो. परंतु भगवंतांनी पहिले नाव घेतले आहे ते प्रमादाचे. प्रमाद म्हणजे अनवधान. जे दिसावयास हवे ते न दिसणे. मी उशिरा उठतो हा माझा दोष कदाचित अर्धाच असेल; अर्धा माझ्या देहाच्या घड्याळाचा. परंतु माझी सकाळ दुसरे कोणी तरी उचलून चालले आहे हे मला सोळा वर्षे दिसले नाही, हा दोष पुरता माझा. गंगेच्या पाण्यात उभे राहून सूर्याला मी चौथे अर्घ्य दिले होते. घरातल्या माणसांना मात्र मी एकदाही दिले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, प्रकृतीच जर अशी, तर मनुष्याने करावे काय? तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. तेहतिसाव्या श्लोकात म्हटले आहे की ज्ञानीसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तेथे निग्रह काय करील? अनेक जण येथेच ग्रंथ मिटतात. पण लगेच चौतिसाव्यात सांगितले आहे की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेले आहेत, त्यांच्या अधीन होऊ नये. प्रकृती बदलता येईलच असे नाही. तिच्या नावावर आपण जी चैन करतो ती बंद करता येते. मी एका आठवड्याचा हिशेब कागदावर मांडला. सात रात्रींपैकी चारच रात्री काम बारापुढे गेले होते. उरलेल्या तीन रात्री काम अकरालाच संपले होते, आणि पुढचे दोन-दोन तास हातातल्या मोबाइलने खाल्ले होते. रात्री जागणारे तीन प्रकारचे असतात. रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा चालक, कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार हे कर्तव्यासाठी जागतात. त्यांच्या जागरणावर आपली झोप उभी आहे, आणि त्यांच्या दिवसाच्या झोपेला घराने जपले पाहिजे. काही जण प्रकृतीने जागतात. काही केवळ चटकेने जागतात. मी स्वतःला दुसऱ्या वर्गात गणत होतो. कागदाने सांगितले की आठवड्यातले तीन दिवस मी तिसऱ्यात आहे.

सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही हे सांगताना अति झोपणाऱ्याबरोबर अति जागणाऱ्याचेही नाव घेतले आहे. पुढच्या श्लोकात उपाय आहे, आणि त्याची किल्ली 'युक्त' या एका पदात आहे. उठण्याची अमुकच घटका गीतेत कोठेही नेमून दिलेली नाही. युक्त म्हणजे जुळलेले, योग्य रीतीने जोडलेले. गृहस्थाची झोप ही त्याच्या एकट्याची नसते. ती नळाच्या पाण्याशी, मुलांच्या शाळेशी, आईच्या औषधाशी जोडलेली असते. तेथे जुळली तर ती युक्त, एरवी पहाटे चारची जागसुद्धा अयुक्तच. स्वतः चारला उठून घंटा बडवून साऱ्या घराची झोपमोड करणारा आणि नंतर चहासाठी सुनेची वाट पाहत बसणारा गृहस्थही मी पाहिला आहे. त्याला कोणी अभ्युदित म्हणणार नाही. पण त्याचीही सकाळ दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर असते.

आमच्या घरात त्यानंतर जे ठरले ते फार थोर नाही. सकाळच्या कामांपैकी जी रात्री होऊ शकतात ती माझी झाली. भाजी निवडून चिरून ठेवणे, डाळ भिजविणे, मुलांचे गणवेश आणि दप्तरे तयार ठेवणे, आईच्या गोळ्या वाटीत काढून ठेवणे, ओटा पुसणे. हे सर्व मी लेखणी हाती घेण्यापूर्वी करतो. मोबाइल साडेदहानंतर बाहेरच्या खोलीत राहतो. बारा वाजता दिवा मालवतो, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. आणि मंगळवार, गुरुवार व रविवार या तीन दिवशी साडेपाचला पाणी मी भरतो. पहिला महिना अत्यंत जड गेला. पाणी भरून झाल्यावर मी झोपी जात नाही, सज्जात उन्हात उभा राहतो. सकाळच्या उजेडाने घड्याळ पुढे सरकते हे केवळ वाचले होते, ते देहाने हळूहळू मान्य केले. तरीही मी पहाटेचा मनुष्य झालो नाही, होणारही नाही. गजर वाजूनही दोनदा मी उठलो नाही. त्या दोन्ही दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक मी केला. ते माझे चौथे अर्घ्य.

या नियमाचा एक लाभ मला अपेक्षित नव्हता. मध्यरात्रीच्या बुद्धीवर माझा फार विश्वास होता. याच सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकावरील एका विवरणाचा अनुवाद मी एकदा रात्री दोन वाजता पुरा केला. मूळ समासात 'स्वप्न' हे पद आहे. संस्कृतात त्याचा अर्थ तेथे झोप असा आहे. मराठीत तोच शब्द झोपेत दिसणाऱ्या दृश्याला लावतात. पेंगुळलेल्या लेखणीने मी तो शब्द तसाच उतरविला. सकाळी मुलीने कागद वाचून विचारले, "बाबा, स्वप्ने बेताची पडावीत म्हणजे काय करायचे?" रात्री जे मला निर्दोष वाटले होते त्यातील चूक एका बालिकेला दिवसाच्या उजेडात पहिल्याच वाचनात दिसली.

शब्दांचे असे, तर रागाचे काय सांगावे? महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा वटवृक्षाखाली रात्री जागा आहे. कृपाचार्य आणि कृतवर्मा निजले आहेत. वर झाडावर एक घुबड येते आणि झोपलेल्या कावळ्यांना ठार मारते. त्या दृश्यातून अश्वत्थाम्याला झोपलेल्या शत्रूंना मारण्याची कल्पना सुचते. कृपाचार्य जागे होऊन त्याला सांगतात की आजची रात्र विश्रांती घे, सकाळी पाहू. तो ऐकत नाही. पुढचा संहार सर्वांना ठाऊक आहे. रात्र अपमानांना मोठे करते, आणि शेजारी असलेल्या वडीलधाऱ्याचे बोलणे लहान करते. म्हणून रात्री जागणाऱ्याने एवढे तरी पाळावे: मध्यरात्री लिहिलेले रागाचे पत्र आणि मध्यरात्री घेतलेला कठोर निर्णय सूर्याला दाखविल्याशिवाय बाहेर पाठवू नये. प्रसंगी कृपाचार्यांचे काम घरातील कोणी लहान मूलही करील.

तेव्हा रात्री जागणे हा दोष आहे काय, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. देहाचे घड्याळ ज्याने दिले त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. परंतु माझ्या घड्याळाचे मोल कोण चुकविते, हे पाहणे माझे कर्तव्य आहे. ज्या घरात रात्री जागणारा आहे त्या घरातील पहाटे उठणाऱ्यांना मी इतकेच विनवीन की त्याला तुच्छ मानू नका; पण त्याला हाक मारणेही सोडू नका. हाक मारणे सोडून दिले जाणे, हीच खरी शिक्षा असते. आणि माझ्या निशाचर बांधवांना सांगेन की उद्याची सकाळ घरात कोणाच्या हातांनी उजाडते, ते आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकदा आठवून पाहावे.

परवा गुरुवारी साडेपाचला मी बादली नळाखाली लावली. पत्नी अजून निजली होती. पाणी भरत असता मुलगी डोळे चोळीत आली आणि म्हणाली, "आज तुमचा वार ना?" मी 'हो' म्हटले आणि दुसरी बादली पुढे सरकवली.

श्रीकृष्णार्पणमस्तु.